मोजणीदाराचा भाऊ

दत्ताराम गुरव गेला तेव्हा मीरा रोडजवळच्या हाटकेश औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गाळ्यात मशिनं बंद ठेवून दहा मिनिटांची शोकसभा झाली. मी तोवर निवृत्त झालो होतो, पण शेठनी मुद्दाम बोलावून घेतलं. म्हणाले, "कर्णिकसाहेब, तुम्हीच बोला. तुमचं बोलणं चांगलं." मी बोललो. दत्ताराम एका इंग्रजी सिनेमामालिकेचा वेडा होता, वीस वर्षांनी तिचा चौथा भाग आला, तो त्याच्या मनासारखा निघाला नाही, आणि आम्हाला रोज जेवणाच्या सुट्टीत गोष्ट सांगणारा हा माणूस कायमचा गप्प झाला, असं सांगितलं. सभेत बहुतेक नवी माणसं होती, त्यांनी माना हलवल्या. जुन्यांपैकी दोघेच उरले होते, पत्रा कापायच्या प्रेसवरचा शकील आणि जवळच्याच मुर्धा गावचा बाळू पाटील. ते दोघं जमिनीकडे बघत होते.

मी सांगितलं ते खोटं होतं. दत्तारामला चौथा भाग आवडला होता. त्याला गप्प सिनेमाने केलं नाही. परवा आमच्या बेव्हर्ली पार्क वसाहतीच्या बागेत कुणीतरी माझीच ती गोष्ट मला पुन्हा सांगितली, "तुमच्याकडचा तो सिनेमावेडा कामगार" म्हणून. तेव्हा ठरवलं की आता लिहून टाकायचं. माझं वय बघता पुढे ढकलण्यात अर्थ नाही.

आमच्या गाळ्यात स्टीलच्या बिजागऱ्या आणि कड्या बनत. मी तिथे सुपरवायझर. दत्ताराम बफिंगला होता, म्हणजे तयार मालाला फिरत्या चाकावर धरून चमक आणायची. चमक मालाला येते, काजळी माणसाला. तोंडाला फडकं बांधलेलं असलं तरी संध्याकाळपर्यंत बफिंगवाल्याचे डोळे आणि दात तेवढे पांढरे राहतात. जेवायच्या सुट्टीत दत्ताराम फक्त हात आणि ओठ धुवायचा. "बाकीचं कशाला धुवा, साहेब? अर्ध्या तासानं परत तेच," म्हणायचा. त्यामुळे वर्षानुवर्षं मी त्याचा चेहरा असा पाहिलाच नव्हता. काळ्या चेहऱ्यात बोलणारं एक तोंड, एवढंच.

पण ते तोंड काय बोलायचं! एक वाजता प्रेस बंद व्हायचे, कान सुन्न झालेले असायचे, आणि त्या शांततेत तो खाकरायचा. डबे उघडायचे. सगळे बसल्याशिवाय तो घास घ्यायचा नाही आणि गोष्टही सुरू करायचा नाही. कुणी बाहेर तंबाखू मळत उभा असला तर हाक मारायचा, "ये रे मेल्या, तुझ्यासाठी नदी थांबलीय."

ती नदी सिनेमातली. सिनेमांची इंग्रजी नावं लांबलचक होती, आमच्यात ती कुणी घेतली नाहीत. दत्तारामने नायकाचं नाव 'मोजणीदार' ठेवलं होतं, कारण तो जगभर हिंडून अनोळखी मुलूख मोजायचा, नकाशे काढायचा आणि त्यापायी गुहा, जंगलं, वाळवंटं यांतून जिवावर उदार होऊन जायचा. जमिनीच्या मोजणीवरून गावागावात भांडणं होणाऱ्या कोकणातल्या माणसांना मोजणीदार हा केवढा मोठा इसम वाटतो ते वेगळं सांगायला नको. पहिले दोन भाग दत्तारामने लालबागेत राहत असताना मुंबईच्या थिएटरात पाहिले होते, तिसरा आमच्याकडे कामाला लागल्यावर. प्रत्येक भाग सात-सात, आठ-आठ वेळा. इंग्रजी त्याला अक्षरही येत नव्हतं.

तरी संवादांसकट गोष्ट सांगायचा. मोजणीदार काय म्हणाला, त्यावर टोळीचा म्हातारा काय म्हणाला, सगळं. हे कसं, ते मला उशिरा उमगलं. त्याचं गाव राजापूरच्याही खाली, सिंधुदुर्गाच्या सीमेला लागून. तिथल्या दशावतारात तो तरुणपणी दोन-तीन वर्षं उभा राहिला होता. दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं. पडद्यामागे प्रमुख सांगतो, तू राजा, तू राक्षस, आधी वाद, मग युद्ध, मग लग्न. बाकी बोलणं ज्याचं त्याने उभं करायचं. दत्ताराम सिनेमाही तसाच बघायचा. पडद्यावर नुसता आराखडा दिसतोय, बोलणं आपण घालायचं. त्याला त्यात काही लपवाछपवी वाटत नव्हती. त्याच्या लेखी बघणाऱ्याचं ते कामच होतं.

त्याच्या सांगण्यात मोजणीदाराला एक धाकटा भाऊ होता. पहिल्या भागात दोघं मोजणीची साखळी घेऊन गुहेत शिरतात, एक टोक याच्या हातात, दुसरं त्याच्या. गुहेच्या पोटातून नदी वाहते. भाऊ घसरतो, पाण्यात जातो, मोजणीदाराच्या हाती रिकामी साखळी येते. इथे दत्ताराम थांबायचा. डब्यातली भाकरी तशीच राहायची. बाळू दर वेळी विचारायचा, "पन मेला न्हाय ना त्यो?"

"प्रेत दिसलं का तुला?"

"न्हाय."

"मग? नदी कुठेतरी बाहेर पडतेच ना?"

पुढचे दोन भाग म्हणजे भावाचा शोध. दुसऱ्या भागात दूरच्या एका होडीतून कुणीतरी हात हलवतो, तो भाऊ. तिसऱ्यात मोजणीदार एक कागद वाचतो, घडी घालून खिशात ठेवतो आणि खिडकीबाहेर बघत बसतो. ते भावाचं पत्र. पत्रातला मजकूरही दत्ताराम सांगायचा, 'दादा, मी सुखरूप आहे, पण आता माझ्या मागे येऊ नकोस.' एकदा शकीलने केबलवर दुसरा भाग पाहिला, इंग्रजीतच. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या सगळ्यांना सांगितलं, "भाई दिखता है, यार. नाव में. मैंने अपनी आँख से देखा."

मी हे सगळं दाराशी खुर्ची टाकून ऐकत असे. तिन्ही भाग मी गिरगावात राहत असताना पाहिले होते आणि मला इंग्रजी कळत होतं. होडीतला माणूस मासे विकत होता. कागद म्हणजे विद्यापीठाने पाठवलेली कामावरून काढल्याची नोटीस होती. आणि साखळी धरणारा पोरगा भाऊ नव्हता, वाटेतल्या गावातून घेतलेला हमाल होता. तो वाहून गेल्यावर पुढच्याच प्रसंगात मोजणीदार आपल्या सोबत्याला म्हणतो, "मी त्याचं नावही विचारलं नव्हतं." मग दोघं पुढे निघतात.

हे माहीत असून मी गप्प बसलो, यात मोठेपणा नव्हता. मला ऐकायला आवडायचं. बाळूसारखंच मलाही वाटायचं, या वेळी तरी साखळी रिकामी येऊ नये.

मला वाटायचं, दत्तारामचा एखादा भाऊ लहानपणी बुडाला असेल, बोटीवर जाऊन परत आला नसेल. एकदा विचारलंही. तो हसला. "चार आहेत, साहेब. चारही ठणठणीत. दोघांशी माझं बोलणं नाही, कुळाच्या जमिनीवरून." मग म्हणाला, "पण साखळीचं दुसरं टोक ज्याच्या हातात, तो परका कसा असेल? आणि परका असला, तर हा इतका मोठा माणूस मागे न बघता गेला म्हणायचं का? ते मला झेपत नाही."

त्याचा स्वभाव या एका वाक्यात होता. शकीलची दोन बोटं प्रेसमध्ये गेली तेव्हा आम्ही सगळे आरडाओरडा करत होतो. दत्तारामने आपलं फडकं सोडून त्याच्या हाताला आवळून बांधलं, रिक्षात बसला आणि दवाखान्यात टाके घालून होईपर्यंत शकीलच्या उशाशी बसून त्याला आपल्या भयानक हिंदीत तिसरा भाग सांगितला. शकील पुढे म्हणायचा, "दर्द तो कम नहीं हुआ. लेकिन दत्ताभाई की हिंदी सुनके डॉक्टर भी हँस रहा था." बरा होऊन शकील कामावर परतला त्या दिवशी दत्तारामने गोष्ट सुरू करण्याआधी सगळ्यांना सांगितलं, मधल्या दिवसांत आम्ही पुढे गेलो नाही रे, तुझ्यासाठी थांबलोय. आणि खरंच थांबले होते. पंधरा दिवस गाळ्यात नुसतेच डबे खाल्ले गेले होते.

आणखी एक सांगतो, कारण हाही दोष माझ्याच माथी येतो. शनिवारी तो नेमका अडचणीच्या जागी गोष्ट सोडायचा. सोमवारी दांड्या मारण्याची आमच्या धंद्यात रीत, पण आमच्याकडे सोमवारी सगळे हजर. शेठनी एकदा कौतुक केलं, "कर्णिक, तुमची शिस्त चांगली हां." मी ते कौतुक ठेवून घेतलं.

चौथा भाग येणार ही बातमी बाळूने आणली. मीरा रोडला मल्टिप्लेक्सवर भलंमोठं पोस्टर लागलं होतं. मोजणीदाराचे केस पांढरे झाले होते. आणि या वेळी सिनेमा हिंदीतून होता.

"आता भाऊ सापडणार," दत्ताराम म्हणाला. "वीस वर्षं लावली मेल्यांनी, पण शेवटी काढलाच. उगाच काढतील का?"

रविवारी सकाळच्या खेळाला आम्ही अकराजण गेलो. दत्ताराम इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, चेहरा घासून आला होता. मी त्याला क्षणभर ओळखलंच नाही. गोरा, थोडा चेपलेल्या गालांचा, साठीला टेकलेला साधा माणूस. पापण्यांच्या कडांत तेवढी काजळी उरली होती, घातलेल्या काजळासारखी.

पडद्यावर मोजणीदार आला, वाकून बुटाची नाडी बांधून गुडघ्यावर हात ठेवून उठला, आणि दत्ताराम गावच्या बोलीत मोठ्याने म्हणाला, "ह्यो म्हातारो झालो रे!" पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून बघितलं. तो रडत होता आणि हसत होता. मध्यंतरात कुणाला बोलूच देईना. "बघितलंत? डावा पाय ओढतो. पहिल्या भागात तोच पाय मुरगळला होता. विसरले नाहीत. काही म्हणजे काही विसरले नाहीत."

शेवटाकडे मोजणीदाराची मुलगी त्याला विचारते, "पापा, आपका कोई भाई नहीं था?" आणि तो शेकोटीत लाकूड सारत म्हणतो, "नहीं बेटा. मैं अकेला ही आया था."

हिंदी सगळ्यांना कळत होतं. अंधारातही मला जाणवलं की आमच्यातले सगळे दत्तारामकडे बघतायत. दत्ताराम पडद्याकडेच बघत होता.

आम्ही बाहेर आलो. वडापावच्या गाडीशी बाळूने अखेर विचारलं, "दत्ताकाका, भाऊ कंय गेला?"

"सोमवारी सांगतो," दत्ताराम म्हणाला. तो नाराज नव्हता. उलट त्याच्या चेहऱ्यावर कामाला लागलेल्या माणसाची घाई होती. बायको वाट बघत असेल म्हणून निघाला, पण सारखा स्वतःशी पुटपुटत होता.

सोमवारी सकाळी शेठ आले. मालाची एक खेप उशिरा निघाली होती. मी माणसांना थांबून काम उरकायला सांगितलं होतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सिनेमाला जायचं म्हणून सगळे शनिवारी वेळेवर पळाले होते. शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "कर्णिक, ये लोग आपकी नहीं सुनते. दत्ताराम को ही सुपरवायझर बना दूँ क्या?" सगळे हसले. दत्तारामही हसला, संकोचाने. मला ते हसणं लागलं.

एक वाजता मी नेहमीसारखी दाराशी खुर्ची टाकली. दत्ताराम खाकरला.

"तर काय झालं," तो म्हणाला, "पोरगी विचारते, तुम्हाला भाऊ नव्हता? तो म्हणतो, नव्हता. ऐकलंत ना सगळ्यांनी?"

"सुना," शकील म्हणाला.

"आता मला सांगा, ज्याच्या हातातून भाऊ सुटला, तो आपल्या पोरीला काय सांगेल? 'होता, मी सोडला,' असं? तू सांगशील, बाळू?"

बाळूने मान हलवली. "न्हाय. मी बी न्हाय सांगनार."

"म्हणून तो खोटं बोलला. पण पोरगी झोपल्यावर त्याला झोप येईना. शेकोटी विझली. पहाटे तो उठला, काठी घेतली आणि एकटा निघाला. कुठे? जिथून सगळं सुरू झालं तिथे. त्याच गुहेकडे."

हे सिनेमात नव्हतं. अकराच्या अकराजणांनी आदल्याच दिवशी सिनेमा पाहिला होता, आणि एकानेही हरकत घेतली नाही. डबे तसेच राहिले. इतकं चांगलं तो कधी बोलला नव्हता. वीस वर्षं मनात वाढवलेलं तो बाहेर काढत होता. म्हाताऱ्या मोजणीदाराचे पाय, ओला दगड, आतून येणारा पाण्याचा आवाज. मलाही तो आवाज ऐकू येत होता. तो गुहेत शिरला, भिंतीला हात लावत पुढे गेला, आणि काळोखातून कुणीतरी विचारलं, "कोण, दादा?"

तेवढ्यात मी घड्याळ बघितलं. दीड वाजून दोन मिनिटं झाली होती.

"दत्ताराम, पुरे," मी म्हणालो. "हे सिनेमात नाही."

"माहीत आहे, साहेब. पण पुढे—"

"भाऊ पहिल्यापासून नाहीये. तो हमाल होता." आणि मग मी थांबलो नाही. होडीतला माणूस मासेविक्या, कागद म्हणजे नोटीस, एकेक करून सांगितलं, शाळेत चुका काढतात तसं, मोठ्या स्पष्ट आवाजात, शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जाईल असं. "मोजणीदार स्वतः म्हणतो, मी त्याचं नावही विचारलं नव्हतं."

दत्ताराम माझ्याकडे बघत होता. "असं म्हणतो तो? इंग्रजीत?"

"हो."

"पहिल्या भागातच?"

"पहिल्याच."

"आणि तुम्ही तो पाहिलाय. कळलंय तुम्हाला."

"हो."

त्याने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, "मग इतकी वर्षं खुर्ची टाकून तुम्ही काय ऐकत होतात, साहेब?"

उत्तर सोपं होतं. तेव्हा ते दिलं असतं तर सगळं सावरलं असतं, असं मला आजही वाटतं. मी घंटेचं बटण दाबलं. प्रेस सुरू झाले. दत्तारामने फडकं तोंडाला बांधलं आणि चाकाकडे गेला.

दुसऱ्या दिवशी तो खाकरला नाही. बाळूने विनवलं, शकीलने शिवी दिली, मीही चार दिवसांनी "काय दत्ताराम, आज काय?" असं वरवर विचारलं. "काही नाही, साहेब. मला नीट कळत नाही ते सिनेमे," एवढंच म्हणाला. तो रुसला नव्हता. रुसला असता तर कधीतरी निवळला असता. सोमवारच्या दांड्या सुरू झाल्या. नवे आलेले दत्तारामच्या गप्प राहण्याचं कारण विचारायचे, तेव्हा कधीतरी मीच म्हणालो, चौथा भाग त्याला आवडला नसावा. तिथून ते पसरलं.

दोन वर्षांत त्याची छाती भरली. बफिंगच्या धुळीने भरते तशी. काम सुटलं. बाळूने त्याला मुर्ध्याला आपल्या शेजारची खोली मिळवून दिली होती, तिथे मी एकदा गेलो. मनात ठरवून गेलो होतो. दत्ताराम पलंगावर उशीला टेकून बसला होता. चेहरा आता कायमचा स्वच्छ होता. त्याच्या बायकोने चहा टाकला. इकडचं तिकडचं झालं. मग मी म्हणालो, "दत्ताराम, तो चौथा भाग सांग ना. तेव्हा मी मध्येच तोडलं."

त्याने माझ्याकडे बघितलं. थोडा सरळ बसला. त्याची बायको कपबशी हातात धरून दाराशी थांबली.

आणि त्याने सांगितलं. मोजणीदार विमानातून उतरतो. त्याची मुलगी त्याला घ्यायला येते. ते डोंगरात जातात. पूल तुटतो. नकाशा चोरीला जातो. श्वास घेत घेत, एकेक प्रसंग, पडद्यावर होता तसाच्या तसा, त्याच क्रमाने. संवाद हिंदीतले, शब्दन् शब्द. एकाही ठिकाणी तो थांबला नाही, कुणाचा आवाज काढला नाही. शेकोटी आली. मुलीने विचारलं. "तो म्हणाला, नहीं बेटा, मैं अकेला ही आया था. मग ते घरी जातात. मग नावांच्या पाट्या पडतात."

मी वाट बघत होतो. तो धापा टाकत होता.

"बरोबर ना, साहेब?" त्याने विचारलं. "जास्तीचं काही घातलं नाही ना मी?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. मी तो शोधला, सापडला असता तर बरं झालं असतं. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"नाही," मी म्हणालो. "अगदी बरोबर."

दारातून त्याची बायको म्हणाली, "संपली? एवढीच आहे?"

"एवढीच," दत्ताराम म्हणाला. "साहेबांना विचार."

तिने माझ्याकडे बघितलं. दत्तारामने उशीवर मान टेकली आणि डोळे मिटले.